अपटाइम कुमा आणि रास्पबेरी पाय ४: पावसाळाभर वापरल्यानंतर

अपटाइम कुमा म्हणजे नेट, राउटर वगैरे चालू आहेत का ते सतत तपासून बंद पडले की कळवणारा प्रोग्राम. तो मी रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर (पुढे नुसता "पाय") चालवतो. घर पुण्यात, सिंहगड रस्त्याला. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि कुठे रस्ता खोदला की फायबर तुटते. इंटरनेटची लाइन कधी पडली, किती वेळ पडली याची पक्की नोंद मला हवी होती, कारण इंटरनेटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून चालूच होती, सर."

सुरुवातीला वैतागलो. नेट गेल्याचा टेलिग्राम संदेश नेटशिवाय निघणारच नाही, आणि तो नंतरही येत नाही. लाइन परत आली की फक्त "चालू झाले" एवढंच येतं. मग घरातल्या पायला दर मिनिटाला हेल्थचेक्स डॉट आयओ या वेबसेवेला हजेरी लावायला सांगितली. हजेरी चुकली की इशारा तिकडून निघतो आणि मोबाइल डेटावर मिळतो. फुकटच्या खात्यात भागतं. तेव्हापासून कुमाबद्दल तक्रार नाही. राउटर, कंपनीचा पहिला हॉप (घराबाहेरचा पहिला टप्पा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक सर्व्हर) असे तीन मॉनिटर, म्हणजे तीन तपासण्या, वेगळे ठेवले की दोष घरातला की बाहेरचा हेही कळतं.

राग आहे तो घड्याळाचा. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही! वीज जाऊन आली की तो शेवटची जतन केलेली वेळ उचलतो आणि एनटीपी (इंटरनेटवरून येणारी अचूक वेळ) मिळेपर्यंत तीच खरी मानतो. वीज आली पण फायबर तुटलेलंच असेल, तर एनटीपी मिळणार कुठून? म्हणजे जी नोंद भांडायला हवी, नेमकी तीच चुकीच्या वेळेची. दुपारचा खंड सकाळच्या नावावर पडला आणि तक्रार विभागाने "त्या वेळी लाइन चालू होती" म्हणत तक्रार बंद केली. एवढे पैसे घेऊन बोर्डावर घड्याळ नसावं हे मला अजून पटत नाही. पाय ५ मध्ये ते दिलंय, पण बॅटरी वेगळी घ्यायची. त्यासाठी नवा बोर्ड मी घेणार नाही.

पायलाही यूपीएस द्या, असं कोणी सुचवेल. माझा मिनी यूपीएस १२ व्होल्टचा, पायला न चालणारा; त्यावर राउटर आणि ओएनटी (फायबर जोडलेला कंपनीचा डबा) आहेत, आणि गुरुवारी वीज येईपर्यंत तोही संपतो.

शेवटी तापकीर गल्लीतून डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल आणलं. पाय ५ च्या मानाने खर्च किरकोळ. एक सावधगिरी: या घड्याळाच्या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, आणि साधी सीआर२०३२ बटण बॅटरी चार्ज करायची नसते. मी त्या सर्किटमधला रेझिस्टर काढून टाकला. पिना ३.३ व्होल्टवर जोडल्या, कॉन्फिग फाइलमध्ये हे घड्याळ वापरायला सांगणारी ओव्हरलेची ओळ घातली, शेवटची वेळ जतन करणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढलं. आता वीज कितीही वेळा जावो, वेळ बरोबर राहते.

पुढच्या खंडाच्या वेळा ओएनटीच्या लाल एलओएस (सिग्नल नाही) दिव्याच्या फोटोसकट पाठवल्या. त्या दिवसांचे पैसे बिलातून वजा झाले.