'पाणी बघून ठरवू' म्हणणारी बोट : फांग न्गाच्या समुद्री गुहांची कयाक सफर

थायलंडमधल्या फुकेतमध्ये आम्ही गुहा बघायला दोनदा पैसे भरले. पहिले वाया गेले. दुसरे पुरेपूर वसूल झाले, आणि ते आईच्या एका प्रश्नामुळे: "गुहेत जावची येळ ह्ये ठरयतत काय पाणी ठरयता?"

आई मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची. वय ६७. बाबांची होडी होती तेव्हापासून भरतीचं गणित तिच्या तोंडावर आहे: तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. थायलंडच्या किनाऱ्याला हे घड्याळ जसंच्या तसं लागू होत नाही, पण उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) तिथेही चंद्रावरच चालतात.

पहिली सफर हॉटेलच्या काउंटरवर घेतली. छापील कार्यक्रमात 'साडेअकरा वाजता गुहा' असं स्पष्ट लिहिलेलं. साडेअकराला पोहोचलो तेव्हा तोंड पाण्याखाली. कयाकीतून बाहेरच्या कमानीखाली एक फेरी मारून दहा मिनिटांत परत आणलं. विचारलं तर "आज पाणी जास्त आहे" एवढंच उत्तर. पाणी किती असणार हे भरतीच्या तक्त्यात आधीच छापलेलं असतं, म्हणून मला याचा फार राग आला.

मुळात या गुहा चालतात कशा ते सांगते, म्हणजे बुकिंग करताना उपयोग होईल. फुकेतशेजारच्या फांग न्गाच्या उपसागरातली बेटं पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या चुनखडकाची. पावसाच्या पाण्याने हा खडक आतून विरघळत जातो, पोकळी होते, काही ठिकाणी छतच कोसळतं आणि बेटाच्या पोटात आभाळाखाली उघडा चौक तयार होतो. थाई भाषेत त्याला 'होंग' म्हणतात, म्हणजे खोली. आपल्याकडे जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा किनारा, म्हणून असं काही मालवणात दिसत नाही. या खोलीत शिरायला बहुतेक ठिकाणी एकच बोगदा. भरती पूर्ण असली की बोगदा बुडतो. सुकती, म्हणजे ओहोटी, फार झाली की आत चिखल आणि कालवांचे धारदार खडप उघडे पडतात, होडी जात नाही. मधलं पाणी मिळालं तरच रस्ता, आणि प्रत्येक होंगचं मधलं पाणी वेगळं.

दुसऱ्या सफरवाल्याला आईचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला. तो म्हणाला, "कुठलं बेट आधी ते पाणी बघून ठरवू." आईने लगेच मान डोलावली. माणशी साडेतीन हजार बाट, दुपार ते रात्र, जेवण धरून.

आओ पो धक्क्यावरून मोठी बोट सुटते, कयाकी तिच्यावरच ठेवलेल्या. कयाक हवा भरलेली, दोघं प्रवासी आणि वल्हवायला एक मुलगा. आम्ही पनाक बेटापाशी थांबलो. बोगद्याच्या तोंडाशी मुलाने आईला हाताने खूण करून पूर्ण आडवं व्हायला सांगितलं, आणि कयाकीची झडप उघडून थोडी हवा काढली. होडी दोन-चार बोटं खाली बसली. तेवढ्यानेच आम्ही आत गेलो. कपाळाच्या वर वीतभर अंतरावर छत, त्याला कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा बॅटरीच्या उजेडात ओल्या चमकत होत्या. वटवाघळांचा उग्र वास. मुलगा वल्हं बाजूला ठेवून तळहाताने खडक ढकलत होता, कालवं चुकवून, नेमक्या गुळगुळीत जागी.

मग उजेड. चहूबाजूंनी सरळ उभे कडे, मध्ये कांदळवन, चिखलात निवटे (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताहेत. कोणी बोलत नव्हतं. मुलाने आधीच ओठांवर बोट ठेवलं होतं आणि सगळ्या कयाकींनी ते पाळलं. कुठूनतरी पाण्याचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

आई कांदळ बघत नव्हती. ती कड्यावरचं एक कालव बघत होती. शिरताना ते पाण्याच्या चार बोटं वर होतं, आता पाणी त्याला टेकलं. "पाणी भरूक लागला. आता हो आमका भायर काढतलो," ती पुटपुटली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुलाने वल्हं उचललं. बाहेर येताना छत खरंच खाली आल्यासारखं वाटलं.

यासाठी मी पैसे मोजायला पुन्हा तयार आहे. पाण्यावर लक्ष असलेला माणूस सोबत असणं हीच इथली सुरक्षितता.

बाकीचं थोडक्यात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मोठ्या बोटीवरून कयाकीत उतरायची शिडी आधी विचारून घ्यावी. आमच्या बोटीची अरुंद होती, पण दोघांनी आईचे दोन्ही हात धरले. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढांना ३०० बाट, ते भाड्यात धरलंय का ते विचारा. जेवणात तळलेला मासा झकास, आईने दुसऱ्यांदा मागून घेतला. शाकाहारी असाल तर 'जे' हा थाई शब्द वापरा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर भाजीत फिश सॉस पडतोच. मे ते ऑक्टोबर तिकडेही पाऊस असतो, पण फुकेत बेटाच्या आडोशामुळे हा उपसागर बराच शांत राहतो.

अंधार पडल्यावर कयाकी पुन्हा एका गुहेत नेल्या आणि बॅटऱ्या विझवायला लावल्या. पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळसर ठिणग्या. सूक्ष्म जीवांची ही चमक आईने बाबांच्या जाळ्यात पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. तिने हात बराच वेळ पाण्यातून काढला नाही.

जानेवारीत भाऊ-वहिनी जाणार आहेत. आईने कालनिर्णय काढून तारखांवर खुणा करून ठेवल्यात. विमानाचं तिकीट त्यातूनच निवडायचं, असं भावाला बजावलंय.