चर्चची इमारत: फक्त उपासनेला की इतर कामांनाही?

'फक्त उपासना' म्हणणारे बायबलमधील मार्क 11:15-17 दाखवतात: येशूने मंदिरात पैसे बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंग पालथे केले. पण ते यरुशलेमेचे मंदिर होते. नव्या करारात देवाचे मंदिर म्हणजे विश्वासणारे लोक (1 करिंथ 3:16). हा फरक विसरला की भिंती पवित्र आणि माणसे दुय्यम ठरतात.

खुल्या वापराला प्रेषितांची कृत्ये 19:9 चा आधार आहे. प्रेषित पौल इफिस शहरात तुरन्ना नावाच्या माणसाच्या पाठशाळेत रोज शिकवत असे. आम्हाला हीच बाजू पटते, पण मर्यादेसह. करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनालाच (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीलाच) एक भुकेला राही, तर दुसरा दारूने धुंद होई (1 करिंथ 11:21). म्हणून अभ्यासवर्ग, आरोग्य तपासणी, अन्नवाटप जरूर करा. प्रार्थनेची जागा अडवणारी विक्री नको, आणि श्रीमंताला मानाची जागा (याकोब 2:2-4) तर मुळीच नको.