नवख्या लँडस्केप फोटोवर अभिप्राय घेणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून मी माझे निवडक लँडस्केप फोटो छापून घेतो आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांना दाखवतो. काकांची उमेदीची वर्षं डार्करूममध्ये गेली आहेत. आता पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा याचा उपयोग कितपत झाला ते सविस्तर लिहितो. नुकताच कॅमेरा घेतलेल्यांनी दुसऱ्या लेन्सच्या आधी असा एक माणूस शोधावा, हे माझं ठाम मत झालंय.

पूर्वी फोटो मोबाइलवरच दाखवायचो. 'मस्त', 'एक नंबर', 'वॉलपेपर लाव' यापुढे गाडी जात नसे. लोक प्रेमानेच बोलतात, पण पुढच्या खेपेला काय करायचं ते त्यातून कळत नाही. ८ × १२ इंची प्रिंट हातात दिली की माणूस ती लांब धरतो, जवळ आणतो, वेळ घेतो. काका तर ती चक्क उलटी धरतात. मग डोंगर डोंगर राहत नाही, नुसते गडद-उजळ आकार उरतात आणि तोल कुठे ढळलाय ते लगेच दिसतं. हा आकार निवडला कारण माझ्या कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ आहे आणि त्यात कडा कापल्या जात नाहीत.

सगळ्यात जास्त शिकवलं राजगडाच्या फोटोने. बालेकिल्ल्यावरून सकाळी टिपलेली सुवेळा माची, खाली दरीत धुकं. माची पूर्वेला, म्हणजे सूर्य थेट समोर. आकाश पांढरंफटक, माची काळी. एक्स्पोजरवर बोलणं होईल असं वाटलं होतं. काकांनी विचारलं, "तुला इथं काय आवडलं होतं?"

"माचीची वळत गेलेली तटबंदी."

"मग अर्धा कागद आकाशाला कशाला दिलास?"

ही एक ओळ मला कुठल्याही सेटिंगपेक्षा मोलाची वाटते. एक्स्पोजरचं त्यांनी नंतर सांगितलं, तेही थोडक्यात : सूर्य वर यायच्या आधी काढ, नाहीतर दुपार कलल्यावर ये, तेव्हा ऊन पाठीशी असतं. सूर्य समोर हवाच असेल तर ट्रायपॉड लाव, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) कमी-जास्त एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घे आणि घरी जोड.

तांत्रिक सल्ल्यांपैकी एक मात्र कायमचा अंगवळणी पडला. जवळचा दगड आणि लांबचा तोरणा दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून मी एफ/२२, म्हणजे लेन्सचं अगदी लहान छिद्र, वापरत होतो. एवढ्या लहान छिद्रातून प्रकाशाचं विवर्तन होऊन, म्हणजे तो कडांशी पसरून, सगळंच किंचित मऊ होतं. माझ्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्स १८ मिमीला लावून एफ/८ ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस केला की एक मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. प्रिंटवर दगडावरचं शेवाळ आता मोजून घ्यावं इतकं नीट दिसतं.

आता उणी बाजू. एकाच माणसाचा अभिप्राय घेत राहिलं की त्याची आवड आपल्या फोटोंत उतरते. काकांना खालच्या बाजूला भक्कम काहीतरी लागतं, आणि हिवाळा सरता सरता माझ्या प्रत्येक फोटोत खाली एक कातळ येऊन बसला होता. म्हणून राजगडाची तीच प्रिंट पायथ्याच्या गुंजवणे गावात ज्यांच्याकडे जेवायला थांबतो त्या मावशींना दाखवली. त्यांचा पहिलाच प्रश्न : "नेढं कुठं गेलं ह्यात?" गावातून वर पाहिलं की सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, ही त्यांची रोजची खूण, माझ्या फ्रेममध्ये ते कातळाच्या सावलीत बुडालं होतं. कॅमेरा कधीही हाती न धरलेल्या माणसाची नजर कुठे अडते, हे कळणं फार कामाचं असतं. तेव्हापासून मी दोघांनाही दाखवतो.

करून बघायचं असेल तर लॅपटॉपचा ब्राइटनेस आधी बराच कमी करा, नाहीतर प्रिंट अंधारी येते आणि सगळा अभिप्राय त्यातच खर्ची पडतो. 'कसा वाटला?' असं विचारू नका. 'नजर आधी कुठे गेली?' असं विचारा, उत्तर हमखास मिळतं. आणि निवडलेल्या फोटोसोबत त्याच जागेवरच्या, न निवडलेल्या दोन-चार फ्रेमही न्या. माझ्या बाबतीत काकांनी बरेचदा त्यांतलीच एखादी उचलली आहे, आणि ती का उचलली यावरच्या गप्पा सगळ्यात लांब चालल्या आहेत.