ई४६ एम३चा मागचा फ्लोअर या गॅरेजात वेल्ड करून घेतला, त्याचा अनुभव

माझी गाडी २००३ची बीएमडब्ल्यू एम३, ई४६ बॉडी (३ सीरीजच्या त्या पिढीचं कंपनीतलं नाव), मॅन्युअल कूपे. इंग्लंडमध्ये घेतली आणि गेली चार वर्षं इथेच चालवतोय. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दोघातिघांनी हीच गाडी घ्यायचं मनात आणलंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण घेण्याआधी खालून बघायची जागा एकच आहे, मागचा फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा.

दुखणं असं की मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट), ज्याच्यावर डिफरन्शियल (डिफ, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग) बसतं, तो बॉडीला चार ठिकाणी बोल्टने धरलेला असतो आणि ते माउंट ज्या पत्र्याला स्पॉट वेल्डने लावलेत तो पत्राच पातळ. ३४३ पीएस, ३६५ न्यूटन मीटर टॉर्क, दर वेळी क्लच सोडला की डिफ पिळतं, सबफ्रेम एका बाजूला वर दाबतो, दुसऱ्या बाजूला खाली ओढतो, आणि पत्रा लवतो. तार वाकवून वाकवून तुटते ना, अगदी तसंच. आधी स्पॉट वेल्ड सुटतात, मग माउंटभोवती तडे जातात. फक्त एम३च नाही, साध्या ई४६लाही होतं, अमेरिकेत तर कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आहे हे.

माझ्या गाडीच्या फाईलमध्ये आधीच्या मालकाने या जागेचं रीइन्फोर्समेंट (प्लेटा लावून मजबुती) केल्याचं बिल होतं, त्यावर विश्वास ठेवून मी निवांत होतो. पण गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दिला की मागून टक् असा आवाज यायला लागला. आधी बुश (सांध्यांतले रबर) वाटले. या गॅरेजात नेली, त्यांनी फोनवर आकडा सांगायला सरळ नकार दिला, म्हणाले उघडल्याशिवाय सांगणार नाही, आणि तिथेच मला माणसं पटली.

पुढचं काम खरंच मोठं आहे. एक्झॉस्ट, प्रॉपशाफ्ट, डिफ, सबफ्रेम, आणि पेट्रोलची टाकीसुद्धा खाली, कारण ती मागच्या सीटखालीच असते आणि तिच्या शेजारी वेल्डिंग कोण करणार! मागची सीट आणि बूटमधलं कार्पेट बाहेर, बॅटरी काढली (ती बूटमध्येच असते). मग अंडरसील (तळाला फासलेला गंजरोधक थर) खरवडून पत्रा उघडा केला आणि मला बोलावून घेतलं. जुन्या प्लेटा होत्या, पण खालचे तडे शिवलेलेच नव्हते, वरून नुसतं ठिगळ मारून काळं अंडरसील फासलेलं. तडा प्लेटच्या कडेपासून पुढे दोनेक इंच सरकला होता. ज्याने ते केलं त्याला आत काय आहे हे दिसलं असणारच, तरी झाकलं, याचा मला अजून राग येतो.

वेल्डिंग करणारे गृहस्थ साठीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी जुन्या प्लेटा कापून काढल्या, प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे तडा पुढे पळत नाही, ग्राइंडरने खाच केली, मग वेल्ड भरला. पत्रा तापून वाकू नये म्हणून इथे थोडं, मग तिथे थोडं असं करत. माझं लहानपण कोल्हापुरात उद्यमनगरच्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, शेजारी गेलंय, वेल्डचा टाका चांगला की वाईट हे बघून कळतं मला, आणि हे काम बघत उभं राहावंसं वाटत होतं. त्यावर नवीन प्लेटा चारही माउंटना.

पण खालच्या प्लेटा म्हणजे अर्धंच काम. ताकद शेवटी त्याच पातळ पत्र्यात जाते. म्हणून त्यांनी वरून, बूटच्या बाजूने, माउंट चॅसिसच्या जाड रेल्सना जोडणारा ब्रेस पण बसवला, आणि माझ्या मते ज्या गाडीला पुढची वीस वर्षं ठेवायची तिला हा हवाच. शेवटी इपॉक्सी प्रायमर, सीम सीलर, पोकळ भागांत वॅक्स. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, वॅक्स नसेल तर नवीन वेल्डच आधी गंजेल. सबफ्रेम, डिफ आणि ट्रेलिंग आर्मचे बुश नवीन टाकले, शेवटी व्हील अलाइनमेंट.

एकूण ३,८०० पाउंड झाले. सहा दिवस म्हणाले होते, अकरा लागले, मागचे ब्रेक पाइप गंजून बोटात चुरा होत होते ते बदलावे लागले. तो जादा खर्च आधी विचारून केला, फोटोसकट. तक्रार एकच, मागची सीट बसवताना एक क्लिप नीट लागली नव्हती, खडखड करायची, परत गेलो तर पाच मिनिटांत लावून दिली.

टक् आवाज पूर्ण गेलाय. आणि वळणात गॅस दिला की मागची बाजू आता लगेच उत्तर देते, पूर्वी अर्धा क्षण काहीतरी सैल हलायचं आणि मी ते गाडीचा स्वभावच धरून चाललो होतो.

कोणाला करून घ्यायचं असेल तर कुठल्याही गॅरेजला प्रायमर मारायच्या आधीचे उघड्या पत्र्याचे फोटो मागाच, द्यायला कुरकुर केली तर गाडी तिथे सोडू नका. इथे वेटिंग दोन महिन्यांचं आहे, फोन फारसे उचलत नाहीत, शनिवारी सकाळी प्रत्यक्ष जाऊन भेटलेलं बरं.