नावं कुणाची छापायची? क्यूजीआयएसच्या लेबलांसोबत एक पावसाळा

गेला पावसाळाभर दर आठवड्याला महाराष्ट्राचा तालुकावार पावसाचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. रंग भरणं हे पाच मिनिटांचं काम. डोकं खातात ती नावं. ३५८ तालुके आणि ए-फोर कागद, सगळी बसणार नाहीत हे उघडच आहे. प्रश्न एवढाच, की गाळायची कोणती आणि ते ठरवणार कोण.

मूळ सेटिंगवर सोडलं तर जागा ठरवते. एटापल्ली, जत असे ऐसपैस तालुके दिमाखात झळकतात. पलूस, गगनबावडा गुपचूप गळतात. तुटीच्या नकाशात हे अजिबात चालत नाही. पाऊस कुठे नाही हे सांगायला नकाशा काढायचा आणि नेमका तोच तालुका निनावी!

यावर उपाय म्हणजे रूल-बेस्ड लेबलिंग, म्हणजे नियमात बसेल त्याचंच नाव छापायचं. हवामान खात्याच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस म्हणजे तूट, ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे मोठी तूट. तेवढेच दोन नियम लिहिले. मोठ्या तुटीला ठळक टाइप आणि वरचा प्राधान्यक्रम. बाकीच्यांसाठी नियमच नाही, म्हणून नावही नाही. वाचकाला दिशा कळावी म्हणून जिल्ह्याची ठिकाणं मात्र फिक्या करड्यात ठेवली. आकडे बदलले की नावं आपोआप बदलतात, दर आठवड्याला हात लावावा लागत नाही.

तरी दाटीत एखादं नाव गळतंच. त्यासाठी लेबल टूलबारवर न बसलेली लेबलं लाल रंगात दाखवणारं बटण आहे. माझ्या मते अख्ख्या टूलबारमधलं हे सगळ्यात मोलाचं बटण, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. छपाईआधी एकदा दाबून बघा. ३.२६ आवृत्तीपासून ‘गरज पडली तरच एकमेकांवर येऊ द्या’ असाही पर्याय आहे, पण लहान कागदावर त्याने नुसती खिचडी होते.

हाताने लेबल सरकवायची सोय उत्तम. पहिल्यांदा सरकवताना क्यूजीआयएस प्रत्येक तालुका वेगळा ओळखणारा रकाना विचारतं. तिथे तालुक्याचं नाव देऊ नका. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरमध्येही. मालेगाव नाशिकात आणि वाशिममध्ये. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. जनगणनेचा कोड द्या. मग सरकवलेली जागा प्रोजेक्टमध्येच राहते आणि पुढच्या आठवड्याच्या आकड्यांनाही लागू होते.

खटकतं ते एकच. ही जागा नकाशावरच्या निर्देशांकांना बांधलेली असते आणि अक्षरांचा आकार पॉइंटात, म्हणजे छपाईच्या ठरावीक मापात, त्यामुळे ए-फोरसाठी नीट लावलेली नावं भिंतीवरच्या मोठ्या नकाशात भलतीकडेच दिसतात. दोन आकार लागत असतील तर सरळ दोन प्रोजेक्ट ठेवा. अक्षरांभोवतीची पांढरी कड वगैरे ठीकच आहे, गडद रंगावर लागतेच.

फुकट सॉफ्टवेअर आहे म्हणून सांभाळून घ्यावं असं इथे काही नाही. पुढच्या पावसाळ्यातही हेच वापरणार.