डिक्कीचं लॉक: नाना पेठेतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम

बाकीचे चारही दरवाजे रिमोटने उघडायचे, डिक्की मात्र ढिम्म. आधीच्या वर्कशॉपने न तपासताच अख्खं लॉक बदलायला सांगितलं होतं. इथल्या दादांनी घाई केली नाही. फ्यूज पाहिला, मग बिजागरीजवळचा रबरी पाइप सरकवून आतल्या वायरी एकेक चाचपल्या. डिक्की सारखी उघड-बंद होते, त्यामुळे वायर बहुतेक तिथेच तुटते, हे त्यांनी दाखवून सांगितलं. वायरी शाबूत होत्या. मागची सीट पाडून आतून पॅनेल काढलं, मला स्विच दाबायला लावलं आणि कनेक्टरवर मीटर धरला. १२ व्होल्ट येत होते, पण मोटर हलत नव्हती. म्हणजे अ‍ॅक्च्युएटरच (लॉक उघडणारा छोटा मोटरचा पार्ट) गेलेला.

फक्त तेवढाच बदलला. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: डिक्की लावण्याआधी त्यांनी लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करून रिमोटने उघडून पाहिली. नवीन पार्ट चालला नाही, तर डिक्की पुन्हा अडकायला नको. पॅनेलच्या तुटलेल्या क्लिपाही नवीन बसवल्या, त्यामुळे खडखड नाही. जुना पार्ट हातात दिला, बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी.

गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी लवकर जा.