बेड बाथ वाइप्स: अंथरुणावरच्या आंघोळीला कितपत कामाचे?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) खूप वाढलेल्या माणसाला न्हाणीत नेलं की आरडाओरडा होतो. तो हट्ट नसतो. अंगावर काय पडतंय ते उमगत नाही, त्यात गारठा आणि उघडं पडण्याची लाज. अशा घरांना मेडिकलवर मिळणारे हे जाड, ओले, नंतर अंग धुवावं न लागणारे वाइप्स खरंच उपयोगी आहेत. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या लातूर-बीडकडं तर जास्तच.

10 वाइप्सचं पाकीट एका आंघोळीला पुरतं. बंद पाकीट कोमट पाण्यात ठेवा, वाइप आपल्या मनगटाला लावून बघा. कूलर आधी बंद करा. ओल्या अंगावर वारा लागला की माणूस बिथरतोच. अंगावर चादर राहू द्या, पुसायचा तेवढाच भाग उघडा, पुसून लगेच झाका. "आजी, आता पाठ पुसते हं," असं दरवेळी आधी सांगा. हातात नॅपकिन धरायला दिला तर ओढाताण कमी होते. लघवीची जागा शेवटी, बायकांची पुढून मागे, आणि तो वाइप पुन्हा वापरायचा नाही.

उणं एवढंच, की काखेत, जांघेत, स्तनांखाली ओल राहते. मऊ कापडानं टिपली नाही तर बुरशी धरते. घासू मात्र नका, म्हातारी कातडी सोलून निघते. शी लागली असेल तर कोमट पाणीच हवं. सुगंधी प्रकार टाळा. माकडहाडावर दाबूनही फिका न होणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा.